समुद्राला नेलेले गोडे पाणी

मित्रांनो, गोठ्यातील खुंटीवर, बैलांच्या झुलीशेजारी जी तपकिरी पिशवी लोंबत आहे, ती मी. मी एक जुनी छागल आहे. जाड कॅनव्हासचे अंग, लाकडी बूच आणि प्रवासात पाणी गार ठेवणे हा माझा धर्म. खामगावच्या एका शिंप्याने मला दुहेरी टाके घालून शिवले. माझ्या अंगातून पाणी किंचित पाझरते, वारा ते उडवून नेतो व आतील पाणी थंडगार होते. या गुणाचा मला मोठा अभिमान वाटे. पुढे तोच गुण माझ्या मालकिणीच्या नवसाच्या आड आला.

संग्रामपूरकडील ज्या खेड्यात मी नांदले, तो मुलूख खारपाणपट्ट्याचा. तेथे विहीर खोदावी तर खारे पाणी लागते आणि त्यात डाळदेखील शिजत नाही. माझी मालकीण वच्छलाबाई हिच्या शेतातील तीन विहिरी खाऱ्या निघाल्या. चौथीवर पहिली कुदळ पडली, तेव्हा ती नवस बोलली, "सारं खारं पाणी समुद्राचं. यंदा त्यानं गोडं पाणी सोडलं, तं ते मी माह्या हातानं त्याले नेऊन देईन."

आणि काय आश्चर्य! चौथीला अमृतासारखे पाणी लागले.

तिचा मुलगा पंजाबराव याने लष्कराच्या लिलावातील एक जीप घेतली होती. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात आम्ही निघालो. मला त्या विहिरीच्या पाण्याने काठोकाठ भरून जीपच्या पुढील बाजूस बांधले. पिण्याचे पाणी मागे डब्यात निराळे होते.

"या छागलीले कोनं तोंड लावाचं नाही," वच्छलाबाईने बजावले.

"लावतो कशाले, बाई? मले नवसाचं पाणी पचत नाही," ड्रायव्हर कचरू म्हणाला.

घाट उतरून आम्ही कोकणात आलो. गाडीच्या अग्रभागी असल्यामुळे समुद्राचे प्रथम दर्शन मलाच घडले. केवढे ते विशाल, नीलवर्ण वैभव! काळ्या कातळांवर लाटा फुटत, त्यांचे तुषार थेट रस्त्यापर्यंत येत आणि तांबडी वाट एकेका डोंगरकड्याला बिलगून पुढे जाई. वच्छलाबाईने गाडी थांबवली, उतरून डोईवर पदर घेतला व हात जोडले.

"अबब! आपल्या पट्ट्याचं पाणी सारं इथंच येऊन राह्यलं काय?"

"हो ना बाई. पन डाळ नाही शिजाची याच्यात," कचरू म्हणाला, आणि ती खळखळून हसली.

खालच्या वाळूत पंजाबराव म्हणाला, "माय, दे आता पाणी."

तेथे मासळी वाळत पडली होती. ती म्हणाली, "इथं नाही. पुढं याच्याहून चांगली जागा असंन."

पुढे खाडी लागली. दोन होड्या जोडून त्यावर फळ्या टाकलेल्या, त्यावर आमची जीप चढवली. वच्छलाबाई माझी दोरी सोडू लागली, तोच नावाडी म्हणाला, "आजी, ही खाडी. दर्या पुढं आहे." त्यापुढचे भूशिर फार उंच होते. त्यापुढे सुरूचे बन सुंदर होते, पण कदाचित पुढे याहून सुंदर असेल! असे करीत आम्ही संथपणे किनाऱ्याने चाललो.

एका पहाटे माझी दोरी आवळताना ती हळूच मला म्हणाली, "पाणी देल्लं की गाडी माघारी वळन, बाई. थांब जराशीक."

मी कशी थांबणार, मित्रांनो? माझा पाझर माझ्या हाती नव्हता.

हर्णैच्या पलीकडे, दोन काळ्या कड्यांच्या मध्ये पांढऱ्या वाळूची ओंजळ होती. तीच जागा तिने निवडली. तिने बूच काढून मला वाकडे केले. पाणी आले नाही. तिने पुन्हा वाकडे केले. तिचा चेहरा उतरला.

"बाई, वरच्या बागेत विहीर हाये. आणू काय भरून?" कचरू म्हणाला. "समुद्राले काय समजते?"

"त्याले नाही समजत. मले समजते ना!"

तिचे डोळे भरून आले. पंजाबरावाने मान खाली घातली. इतक्यात तिचा हात माझ्या तळाच्या दुहेरी शिवणीला लागला. तेथे ओल होती! ती तडक गुडघाभर पाण्यात शिरली आणि लुगडे पिळावे तसे तिने मला पिळले. माझे टाके उसवले, परंतु मी आनंदले. चार-दोन थेंब समुद्रात पडले.

"घे बाप्पा. तुही जागा पाहता पाहता वाटंतच हारपलं. उरलं ते तुहं."

तोच एक लाट आम्हा दोघींवरून गेली.

"माय, लुगडं भिजलं!"

"भिजू दे! वावरात वाळते, तं इथं नाही वाळन काय?"

घरी आल्यावर माझ्या कुशीवर मिठाची पांढरी रेघ उमटली होती. कित्येक दिवस माझ्यातील पाणी खारट लागे. बाकीचे थुंकत. वच्छलाबाई मात्र माझेच पाणी मागून घेई.

आता ती नाही, जीपही नाही. कोरड्या कापडाला चिरा पडतात, उंदीर दोरी कुरतडतात. मित्रांनो, घरच्या छागलीला कधीमधी तरी ओंजळभर पाणी दाखवा. आणि कोणाला काही द्यायचे असेल, तर पुढच्या जागेची फार वाट पाहू नका.

माझी मात्र तक्रार नाही. श्रावणात हवा दमट झाली की माझ्या कुशीवरची ती मिठाची पांढरी रेघ आपोआप ओली होते. त्या दिवसांत मला कोणी पाणी घातलेले नसते.