ताठ खांद्याची पुंगळी

आयनार ट्वेट दुकानात शिरला तोच वैतागलेला. काउंटरवर डायची पेटी आपटून म्हणाला, "मर्ल, ही घे तुझी डाय. बाद झालीय."

"वीस वर्षं वापरलीस तोवर तुझी, आणि आता माझी होय रे?"

"थट्टा नको. पुंगळी आत शिरता शिरत नाही. प्रेसचा दांडा दाबून दाबून हात गेला. नवी दे."

आमच्या मोंटानातल्या या खोऱ्यात घरटी एक तरी माणूस झाडलेल्या पुंगळ्या पुन्हा भरतो. गोळी सुटली की पितळेची पुंगळी बंदुकीच्या घरात, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीत, फुगते आणि त्या घराचाच आकार घेते. मग तिला पोलादी डायमध्ये दाबून मापात आणायचं आणि परत भरायचं. मी बंदुका दुरुस्त करतो, डायही विकतो. पण डाय अशी अचानक बाद होत नाही.

"पुंगळी दाखव," मी म्हटलं.

त्याने खिशातून चार-पाच काढल्या. एक उजेडात धरली. आयनारची रायफल साध्या रॉबर्ट्स काडतुसाची. तिच्या पुंगळीचा खांदा मानेकडे हळूहळू उतरत जातो. हिचा खांदा ताठ होता, जवळजवळ काटकोनात वळलेला. ही सुधारित रॉबर्ट्स. नाव तेच, बूड तेच, गोळीही तीच. खांदा तेवढा वेगळा.

"ही तुझी नाही. ही सिवर्टची," मी म्हणालो.

सिवर्ट त्याचा धाकटा भाऊ. दोघांनी एकाच दिवशी एकसारख्या रायफली घेतल्या होत्या. पुढे सिवर्टला जरा जास्त बंदुकीची दारू मावणारी पुंगळी हवी झाली, म्हणून त्याच्या रायफलीचं घर मीच कोरून मोठं केलं. कोरताना माझं हत्यार किंचित थरथरलं आणि आत एक बारीक रेघ राहिली. त्या रायफलीतून सुटलेल्या प्रत्येक पुंगळीच्या खांद्यावर ती रेघ उमटायची. सिवर्ट मला त्यावरून चिडवायचा, "मर्लची सही!" नऊ वर्षांपूर्वी नोव्हेंबरात तो एल्क सांबराच्या मागावर विलो खिंडीवरच्या कड्याकडे गेला आणि बर्फात नाहीसा झाला. तो सापडला नाही, रायफलही नाही.

माझ्या हातातल्या पुंगळीवर ती रेघ होती.

"परवा झाडल्यात. माझ्याच रायफलीतून. मागच्या वर्षीच्या घरी आहेत, त्या सगळ्या उतरत्या खांद्याच्या," आयनार म्हणाला.

"रायफल आण."

तो गाडीतून घेऊन आला. दस्त्यावर त्याच्या नावाची अक्षरं, घोड्याने पाय दिला होता तो खळगा, पोलादावर त्याचाच नंबर. मी घराच्या पुढे नळीत बोळा घातला, वितळवलेला मऊ धातू घरात ओतला, निवू दिला आणि साचा काढला. ताठ खांदा. बोटाला रेघ लागली. हे घर मी माझ्या हाताने कोरलं होतं, पण या बंदुकीत नव्हतं कोरलं.

मी खुर्चीत बसलो. आयनार उभाच होता.

"म्हणजे सिवर्टने बदलून नेली," तो हळूच म्हणाला.

"काय बोलतोस तू! नंबर तर तुझाच आहे."

"बाहेरून माझी, आतून त्याची. माझी त्याच्याकडे आहे, मर्ल. नाहीतर माझी गेली कुठे?"

मी माझं काम केलं. त्याला बजावलं की जुनी डाय या पुंगळ्यांना लावायची नाही. खांदा दर वेळी मागे ढकलला जातो, दर वेळी पुढे ताणला जातो, पितळ बुडाजवळ पातळ होतं आणि एक दिवस पुंगळी तुटून जळता वायू तोंडावर येतो. सुधारित रॉबर्ट्सची डाय काढून दिली.

"जुनीही राहू दे माझ्याकडे," तो म्हणाला. "त्याच्याकडच्या माझ्या रायफलीत हे ताठ खांद्याचं काडतूस बसायचं नाही. मागचा बोल्ट बंदच होणार नाही. त्याला साधंच लागेल."

ऑक्टोबरात त्याने साध्या रॉबर्ट्सची वीस काडतुसं भरली आणि विलो खिंडीतल्या जुन्या झोपडीत फळीवर ठेवून आला. मला वाटलं, दुःख आहे, करू दे. जूनमध्ये बर्फ वितळल्यावर तो दुकानात आला आणि तीच पेटी माझ्यापुढे ठेवली. वीसच्या वीस रिकाम्या. खांदे उतरते. पुंगळ्यांच्या तोंडाशी नाक नेलं. जळक्या दारूचा वास अजून ताजा होता.

"कोणी शिकारी शिरला असेल," मी म्हटलं.

"शिकारी वीस झाडून वीस परत पेटीत लावून ठेवतो? तोंडं खाली करून?" त्याने पेटी बंद केली. "उद्या चल माझ्याबरोबर. मी वेडा झालोय का, ते तरी बघ."

गेलो. भर दुपार होती, ऊन लख्ख. झोपडीच्या पायरीवर बसून आम्ही थर्मासमधली कॉफी घेतली. नवी पेटी आयनारने आत फळीवर ठेवली होती. शिकारीचा हंगाम बंद, वाटेत एकही गाडी दिसली नव्हती. पाखरं ओरडत होती आणि मधेच ती गप्प झाली.

वर कड्यावरून एक बार झाला. एकच. आवाज खोऱ्यात फिरून विरला. मी आत धावलो. पेटी फळीवर होती, एक कप्पा रिकामा होता. मी बाहेर आलो तेव्हा आयनार कड्याकडे तोंड करून उभा होता, टोपी हातात. रडत नव्हता. बराच वेळ कोणाचं तरी ऐकून घेतल्यासारखा उभा होता.

मग त्याने टोपी घातली.

"उतरू या," तो म्हणाला. "त्याला माणसं फार वेळ चालत नाहीत."

मी पुन्हा त्या झोपडीकडे गेलो नाही. आयनारला जाऊन चार हिवाळे झाले. साधी डाय त्याच्या बहिणीने मला आणून दिली. सप्टेंबर लागला की मी वीस काडतुसं भरतो. झोपडीपर्यंत जात नाही. खिंडीच्या वाटेवरच्या खालच्या फाटकाच्या खांबाशी पेटी ठेवतो आणि मागे न बघता गाडीत बसतो.