मफलरसाठी लाकडं

कपडे धुण्याच्या मशीनने टिंग टिंग केलं आणि तिने हातातलं काम टाकलं. छोट्या बाईसाहेबांचा, चिमणीचा, आत्ता कुठे डोळा लागला होता. अनवाणी धावत जाऊन तिने बटण दाबलं, मशीनचं तोंड बंद केलं आणि खोलीच्या दाराला कान लावून उभी राहिली. चिमणीने कूस बदलली, काहीतरी पुटपुटली आणि पुन्हा गप्प झाली. पिळलेले कपडे राहू देत तसेच. लेकीच्या झोपेएवढीच काय ती दुपार तिच्या मालकीची.

फोन घेऊन ती स्वयंपाकघरात, फ्रिजला पाठ टेकून जमिनीवरच बसली. या गावात येऊन वर्ष होत आलं होतं. नवरा कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला. उजाडताच जायचा, अंधार पडल्यावर यायचा आणि लेकीला झोपवता झोपवता तिच्याआधी स्वतःच घोरायला लागायचा. शेजारीण जिन्यात भेटली की हसायची, आणि तेवढ्यावरच भागायचं. दिवसभर हिच्याशी बोलणारं माणूस एकच होतं, आणि त्याला अजून बुटांचे डावे-उजवे कळत नव्हते.

फोनमध्ये मात्र एक बर्फाचं बेट होतं. खेळ तसा साधा. लाकडं तोडायची, झोपड्या बांधायच्या, शेकोटी विझू द्यायची नाही. फोन बंद केला तरी आपला गडी शेकोटीपाशी बसून राहायचा आणि गटातल्या बाकीच्यांनी आपापल्या फोनवरून त्याच्याजवळ लाकडं टाकून त्याला जगवायचं. पार गारठला की गेला, कायमचा.

पहिल्या गटात ती ऐन वादळात उठून गेली होती. चिमणी रडत होती. परत आली तर मेसेज होता, “ताई, तुम्ही पोरं सांभाळा, बेट आम्ही सांभाळतो.” खाली हसण्याची चित्रं. ती निमूट बाहेर पडली आणि तिने स्वतःचं बेट वसवलं. तिथे तिचं नाव खारूताई. नवीन माणूस आला की आधी त्याला शेकोटीपाशी बसवायचं, काम सांगायचं नाही. कुणी मध्येच उठून गेलं तर का गेलं म्हणून छेडायचं नाही. आणि बाहेरचं काही म्हणजे काही विचारायचं नाही. बाई का बुवा, वय काय, राहता कुठे, काहीच नाही. त्यामुळे बेटावरच्या आत्याबाई खऱ्या कोण, तिथला सरदार करतो काय, हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि म्हणूनच माणसं येत गेली, टिकत गेली.

मफलर हे नाव घेतलेली एकजण अशीच आली होती. बरेच दिवस नुसती बसून.

“हा गडी आहे की पुतळा?” सरदारने विचारलं होतं.

“तू आल्या आल्या स्वतःच्याच झोपडीला आग लावली होतीस. गप बस,” आत्याबाईंनी त्याला झापलं होतं.

मग एका दुपारी पुतळ्याने लिहिलं, “मला अक्षरं शोधायला वेळ लागतो.” खारूताईने लिहिलं, “शोधा की. कुठे आग लागलीय? सरदार तर आज आलेला नाही.” मफलर हसली. त्या दिवसापासून दुपारी बेटावर आलं की ती आधीच हजर असायची. “आलीस? बस. आज लाकडं मी आणते.” घरात पाऊल टाकल्यावर कुणीतरी असं म्हणावं, याला ही किती आसुसली होती, ते तिला तेव्हा कळलं.

आणि मग ती दुपार. मफलरने अर्धंच वाक्य पाठवलं, “माझ्या खिडकीतून ना, समोर एक”

हिने घाईघाईने, थट्टेत लिहिलं, “ओ मफलर! नियम! बाहेरचं काही नाही हं.”

मग, “बरं बाई, राहिलं.” आणि थोड्या वेळाने, “आज हात उचलत नाही. जरा टेकते.”

तेव्हापासून मफलर टेकूनच होती, तिच्याकडून पुन्हा एक अक्षरही आलं नव्हतं.

आजही ती तशीच होती. खांद्यावर बर्फाचा थर. खारूताईने लाकडं टाकली, थर जरासा विरघळला. पलीकडे सरदार कुणा नवख्याला शेकोटीपाशी जागा करून देत होता, एक प्रश्न न विचारता. एरवी तिला केवढं बरं वाटलं असतं.

“खेळवाल्यांना पुन्हा लिहिलं,” सरदार म्हणाला. “कुणाची माहिती देत नाही म्हणतात. खारूताई, किती दिवस टाकायची लाकडं?”

“तुला जड होत असेल तर मी एकटी टाकीन.”

“अगं, चिडतेस काय? मी टाकतोच आहे. विचारलं फक्त.”

“ती सांगत होती, आत्याबाई. मीच तिला गप्प केलं,” खारूताईने लिहिलं.

आत्याबाईंनी लिहिलं, “विचारायचं नाही, एवढंच ठरलं होतं गं. सांगू द्यायचं नाही, असं कुठे ठरलं होतं?” मग लगेच, “अगं, बोलायला नको होतं मी. रडू नकोस.”

त्यांना कसं दिसलं, कोण जाणे. हिने ओढणीने नाक पुसलं. कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी मजल्यावर एक खिडकी होती आणि तिच्यासमोर काहीतरी होतं. झाड असेल, शाळा असेल, दुसरी खिडकी असेल. तेवढं ऐकून घेतलं असतं, तर निदान शोधायला सुरुवात तरी कुठून करायची ते कळलं असतं.

मागून चिमणी आली. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली. आईच्या मांडीत शिरली आणि फोनमध्ये डोकावली.

“ही का नाही हलत?”

“बसलीय, राणी. दमलीय.”

“तिला थंडी वाजतेय.”

“हो ना. म्हणून तर लाकडं टाकतेय.”

चिमणीने मफलरच्या अंगावरच्या बर्फावर बोट ठेवलं, दोनदा घासून पाहिलं. बर्फ गेला नाही. मग मान वर करून तिने आईकडे पाहिलं.

“आई, ही कुणाची आई आहे?”