आर-पारची माळ

मृणालिनीच्या तळपायाची आग सकाळीच मस्तकात गेली होती. बाहेर लू, वैशाखातली ती गरम झळ, भाजून काढत होती आणि कचेरीच्या आवारातली उपकरणं हवा ठणठणीत कोरडी असल्याचं सांगत होती. उपग्रह मात्र वरपासून खालपर्यंतची हवा मोजतो. तो सांगत होता की लूच्या डोक्यावर, उंचावर, बंगालच्या उपसागराकडून आलेली ओल ठासून भरली आहे. खाली कोरडं आणि वर दमट, मग संध्याकाळी वादळ उठायला आणखी काय लागतं?

पण ती नोकरीला होती त्या हवामान कचेरीच्या कॉम्प्युटरनं ही मोजमापं केराच्या टोपलीत टाकली होती. नेहमीपेक्षा फार वेगळा आकडा आला की तो चूक समजून वगळायचा, अशी मर्यादा साहेबांनी, त्रिपाठीजींनी, स्वतः घालून ठेवली होती.

"बैसाख में इतनी नमी? सैटेलाइट बौरा गया है," पान चघळत ते म्हणाले, आणि अंदाज गेला, मौसम शुष्क.

अहो, ज्या दिवशी काही वेगळं घडणार, त्याच दिवशी आकडा वेगळा येणार ना! तोच फेकून द्यायचा तर आभाळात एवढं महागाचं यंत्र फिरवायचं कशाला? तिनं परोपरीनं सांगितलं. साहेब हसले.

आणि नेमकी आजच दुर्गाघाटावर तिच्या चुलतबहिणीची, बकुळची, माळ होती. लग्न झालं की फुलांची माळ या काठापासून त्या काठापर्यंत नेऊन गंगेला घालायची, ही काशीची रीत त्यांच्या मराठी घरानं कधीच आपलीशी केली होती. नवरानवरी नावेतून माळ सोडत जातात आणि या काठाचं टोक करवलीनं धरायचं. करवली होती मृणालिनी.

गल्ल्यांतून धापा टाकत ती घाटावर पोचली. "काका, आज नाव सोडू नका. आंधी येणार आहे."

ढुंढिराजकाकांनी, बकुळच्या वडिलांनी, मोबाइल तिच्या नाकासमोर धरला. "हे बघ, मौसम शुष्क. तुझ्याच दफ्तरचं आहे ना?"

"ते माझं नाही, काका. साहेबांनी..."

"म्हणजे एवढं मोठं दफ्तर खोटं आणि तू एकटी खरी? मुहूर्त टळतोय. टोक धर."

तिनं धरलं. नावेतून बकुळ हसत हात हलवत होती आणि झेंडूची माळ पाण्यावर लांबत चालली होती. समोर पूर्वेचं आभाळ स्वच्छ होतं. वादळ येणार होतं ते पाठीमागून, गावाच्या छपरांआडून, नावेतल्यांना दिसणारच नव्हतं. एवढ्यात गल्लीतून धुळीचा वास आला आणि पाठीला गार झुळूक लागली. लूच्या दिवसांत गार! तिनं जीव तोडून हाका मारल्या, त्या नावेपर्यंत पोचेनात.

माळ मध्येच तुटली की पूजा राहिली, नाव तिथूनच परत फिरवायची, असा घरचा दंडक होता. मृणालिनीनं माळ दातांत धरली आणि तोडली.

नवरानवरीच्या हातातली माळ सैल पडली. ते पाहून नावाडी शिवरामनं नाव वळवली.

"अपशकुनी!" काका कडाडले. नंदाकाकू रडायलाच लागली. नाव पायरीला लागताच बकुळ उतरली ती तणतणतच. "ताई, ये क्या किया तूने?"

तेवढ्यात आंधी कोसळली. वरचा पाऊस कोरड्या हवेतच विरला, खाली नुसती धूळ आणि वारा. बांधलेल्या रिकाम्या नावा एकमेकींवर आदळून उलटल्या. बकुळ पायरीला अंग चिकटवून बसली, हातात ताईचा पदर घट्ट धरून.

दुसऱ्या दिवशी त्रिपाठीजींनी कचेरीच्या आवारातलं पाऊस मोजायचं भांडं पाहिलं. थेंब नव्हता. "देखा? शुष्क कहा था, शुष्क ही रहा." कागदावर अंदाज अचूक ठरला.

"नाव डूब जाती, सर, तब भी यही कहते?" ती इतक्या जोरात ओरडली की सगळी कचेरी वळून बघू लागली. साहेबांनी पान थुंकलं. मर्यादा होती तिथेच राहिली.

आठवड्याभरानं काकांचा फोन आला. "मृणाल, माळ पुन्हा घालायचीय. सोमवारी मौसम कसा राहील?" मग जरा थांबून म्हणाले, "दफ्तरचं नको सांगू. तुझं सांग."

तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, उलट राग आणखीच भडकला. काकांना विचारायला घरात पुतणी होती. बाकी घाटांवरच्या नावांना दफ्तरचंच ऐकावं लागणार होतं.