फाटकावरचं वजन

आमच्या गिरणीत फाटकावरच्या काट्यानं सांगितलेलं वजन म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. कापसाची गाठ असो की लोखंड, तो आकडा पुढे कुणी तपासत नाही. त्या रेघेनं वैरागच्या भीमाचा पाय मोडला आणि फलकावर नाव लागलं माझं: लालसाब वेल्डर, वेल्डिंग कच्चं.

त्र्याहत्तर साली सूत गुंडाळलेले जड बीम वाहायला बॅटरीवर चालणारी गाडी करायचं ठरलं. नवे इंजिनियर साहेब कागदावर हुशार. वीस बॅटऱ्या गाडीच्या चौकटीच्या पोटात टांगायच्या, त्यांचं वजन किती, असं मी विचारलं. त्यांनी फाटकावरचा आकडा दिला, चारशे ऐंशी किलो. जाड लोखंड मागितलं तर म्हणाले, गाडीनं माल वाहायचा की स्वतःचंच ओझं? ॲसिडच्या बरण्या चार दिवसांनी आल्या. भीमानं आणि मी मिळून ते बॅटऱ्यांत भरलं.

गाडीचं हँडल हाती घेताना भीमानं विचारलं, "चाचा, धरंल न्हवं?"

"वेल्डिंगचा टाका माझा हाय," मी म्हणालो.

बाराव्या दिवशी चौकट मधोमध फाटली. शेजारून चालणाऱ्या भीमाच्या पायावर बॅटऱ्या आल्या. दवाखान्यात मला बघून त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. तीस वर्षांत माझा एक टाका निसटलेला नाही, आणि हे पोरगं मला चोर समजत होतं.

रागानं तडक गाडीपाशी गेलो. टाके शाबूत होते, लोखंड फाटलं होतं टाक्यापासून वीतभर लांब. कोपऱ्यात रिकाम्या बरण्या दिसल्या आणि डोक्यात उजेड पडला. बॅटऱ्या कोरड्या आल्या होत्या, कोरड्याच तोलल्या होत्या. मी एक भरलेली बॅटरी उचलून फाटकावर नेली, सगळ्यांसमोर काट्यावर ठेवली. चोवीसच्या जागी एकतीस किलो. वीस बॅटऱ्यांचे एकशेचाळीस किलो जास्त, म्हणजे दोन तगडी माणसं माझ्या चौकटीवर फुकट बसली होती.

साहेब म्हणाले, फलकावरचा कागद काढतो, नवी चौकट कर, विषय संपला.

माझं टाळकं सटकलं. "आदी दवाखान्यात चला. भीमाला तोंडानं सांगा. तवर मी लोखंडाला हात लावणार न्हाय."

साहेब आले. वाळक्या लाकडागत ताठ उभे राहून बोलले, पण आकडा खरा सांगितला. भीमानं त्यांच्याकडे बघितलंही नाही. तो माझ्याकडे बघत होता.

"बरण्या तर आपुनच रिकाम्या केल्या की, चाचा. तवा तुमी का न्हाय बोलला?"

राग तसाच होता, आणि आता तो साहेबांवर ढकलताही येईना.