मालकाचा पटका

ज्याची बाग पाटोद्याला आणि बिऱ्हाड हैदराबादेत, त्याने स्वतःला बागाईतदार म्हणवून घेऊ नये. मी म्हणवून घेत असे. दफ्तरात कुणी घरचं विचारलं की मी सांगे, "आमची द्राक्षाची बाग आहे." ऐकणारा म्हणे, "वा!" मग विचारी, "मग द्राक्षं कुठायत?" इथे मी वहीत डोकं घाली.

बाग वडिलांनी लावलेली. त्यांना, विठ्ठलरावांना, सगळं गाव वेडं म्हणत होतं, कारण ज्वारी-बाजरीच्या मुलखात हा माणूस दौलताबादेहून ओल्या गोणपाटात गुंडाळून भोकरी द्राक्षाच्या काड्या घेऊन आला. मांजरेच्या काठी विहिरीजवळ बिघाभर रान होतं, तिथे पांगाऱ्याच्या मेढी रोवल्या आणि वेल चढवले. पुढे तेच गाव टोपल्या घेऊन दारात उभं राहू लागलं. वडील गेले, बाग माझी झाली, आणि त्याच साली मला हैदराबादेत सरकारी नोकरी लागली. बीडच्या मदरशात शिकलेली उर्दू कामी आली, असं सगळे म्हणाले. कुणाच्या कामी आली ते मला अजून कळलेलं नाही.

आता बागेची रीत सांगतो, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. द्राक्षाला वर्षातून दोनदा छाटावं लागतं. चैत्रात छाटलं की वेल नवी काडी धरतो, अश्विनात छाटलं की फळ धरतो. अश्विनातली छाटणी चुकली की वर्ष गेलं. आणि वडिलांनी घालून दिलेली रीत अशी, की छाटणीची पहिली काडी मालकाने स्वतःच्या हाताने तोडायची. मग बाकीची बाग कुणी का छाटेना.

पाटोद्याला अश्विन असतो तेव्हा आमच्या दफ्तरात आजूर असतो. आजूर म्हणजे फसली सालाचा पहिला महिना. नवे हिशेब, नव्या वह्या, सगळी धांदल. आमचे साहेब राय बिशनचंद, मनाने फार भला माणूस. ते उर्दूतच बोलत, मी आपलं मराठीत सांगतो. रुखसतीचा, म्हणजे रजेचा, अर्ज नेला की ते चष्मा काढून म्हणत, "आजूरमध्ये? बंकटराव, आजूरमध्ये माणूस मरायलासुद्धा सवड काढत नाही." शिवाय दफ्तरात मोडी आणि उर्दू दोन्ही सरसर वाचणारा मी एकटा. हुशारी माणसाला कुठे कुठे अडकवते पाहा.

मग रुखसत मिळे ती मार्गशीर्षात. जालन्याला आगगाडीतून उतरायचं, तिथून बैलगाडीत हाडं खिळखिळी करत गावी पोचायचं, आणि बागेत पाऊल टाकावं तो आमचा गडी आश्रुबा कोयतीला हळदकुंकू लावून उभाच. तोवर वेलांनी आपल्या मनाने वाटेल तसा पाला काढलेला असे. तेव्हा छाटून काय उपयोग? फुलोरा थंडीत झडायचा, उरलेले मणी वैशाखाच्या उन्हात भाजून निघायचे. वाटाण्याएवढी आंबट द्राक्षं. कोल्ह्यालासुद्धा ती खरोखरच आंबट लागली असती.

गेल्या वर्षी मी आश्रुबावर फार भडकलो.

"कावून थांबलास रे? छाटून घ्या म्हणून निरोप धाडला होता ना?"

"आलता की निरोप. पर मालक, निरोपाला हात असत्यात का?"

"मग हिने तोडायची होती पहिली काडी!"

मुक्ता, म्हणजे माझी बायको, मोटेच्या धावेशी उभी होती. सात वर्षं ही बाग तिने सांभाळली. पाणी, शेण, राखण, सगळं. ती एवढंच म्हणाली, "मालक गेल्यावर करत्यात तसं. तुमी जित्ते असताना मी कशी तोडू?"

जिवंत असल्याचा मला एवढा राग कधी आला नव्हता.

त्याच वेळी मुक्ताच्या पदराआडून आमची शिवकन्या डोकावली. चार वर्षांची पोर. मी हात पुढे केला तशी ती मागे सरकली आणि आईला म्हणाली, "हे कोन गं?" मुक्ता हसली. मग तिचं हसू विरलं आणि तिने तोंड फिरवलं. मला बागेचं एक वेळ सोसलं असतं. हे सोसलं नाही.

निघताना मुक्ता म्हणाली, "बदली मागा. पाटोद्याच्या तहशिलीत जागा निगंल तवा मागा. मागितल्याबिगर आईसुदीक वाढीत न्हाई."

मी मागितली. अर्जात लिहिलं, देखरेखीला माणूस नसल्याने वडिलार्जित बाग उजाड होत आहे, सबब पाटोद्यास बदली व्हावी. साहेबांनी अर्ज वाचला आणि भुवई चढवली. "बीड जिल्ह्यात खरंच द्राक्षं? मला तर ते रुखसतीचं निमित्त वाटे. द्राक्षं दौलताबादेची. बंकटराव, माझा सर्वांत चांगला माणूस मी कशापायी सोडतो आहे, ते मला कळू तर द्या. एक घड खाऊ घाला. खाण्यालायक निघाला तर शिफारस माझी."

म्हणजे बदली घडावर टांगलेली, घड छाटणीवर, छाटणी मालकावर, आणि मालक आजूरमध्ये दफ्तराच्या खुर्चीला खिळलेला. मी डोकं फोडून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

यंदाचा आजूरही तसाच गेला. दसऱ्याआधी पाटोद्याकडचा सटवा गावी निघाला होता, त्याच्याबरोबर मुक्ताला निरोप धाडला, "काय वाटेल ते कर, पण वेळेवर छाट. घड चांगले आले तर बदली होते." त्यावर जबाब नाही. दिवाळी गेली, यंदा मार्गशीर्षातली रुखसतही मिळाली नाही, संक्रांत गेली. मी आशा सोडून दिली आणि येईल त्याच्यावर चिडत दिवस काढू लागलो. खानावळवाल्याने मला बोलणं टाकलं.

फाल्गुनात एके सकाळी दार वाजलं. उघडतो तो आश्रुबा. डोक्यावर करंडी, अंगभर धूळ, तोंडभर हसू.

करंडी उतरवून त्याने वरचा निंबाचा पाला बाजूला केला. मी खालीच बसलो. मधाच्या रंगावर आलेले टपोरे घड, मण्यांवरचा पांढुरका थरसुद्धा कुठे पुसला नव्हता. वडिलांच्या हयातीत असे घड मी पाहिले होते, त्यानंतर आजच. एक मणी तोंडात टाकला आणि माझ्या डोळ्यांना पाणी आलं. सांगायला लाज कसली?

"आश्रुबा, ही छाटली कुणी?"

"तुमीच की!" तो मिश्कील हसला. "ऐका तर, मालक, लई गंमत झाली..."

"गंमत नंतर सांग. ऊन चढायच्या आत साहेबांची देवडी गाठायची आहे. उचल करंडी!"

त्याला तोंड धुवायलासुद्धा मी उसंत दिली नाही. तेवढी दिली असती तर पुढचं रामायण टळलं असतं.

साहेब ओसरीवर बसले होते. त्यांनी पहिला मणी शंकेने खाल्ला, दुसरा डोळे मिटून. मग घरात हाक मारली, दोन घड आत पाठवले आणि उरलेली करंडी आपल्या गुडघ्याशी ओढून घेतली. "बंकटराव," ते म्हणाले, "मी दौलताबादची माफी मागायला तयार आहे, पण हे घड त्याहून सरस आहेत."

लोखंड तापलं होतं. मी हात जोडले. "हुजूर, पाटोद्याची जागा..."

"लिहितो. आजच लिहितो." त्यांनी कलमदान पुढे घेतलंसुद्धा. मी दौत त्यांच्याकडे सरकवली. मग सहज, अगदी सहज, खाणारा माणूस विचारतो तसं त्यांनी विचारलं, "पण एक सांगा. पहिली काडी मालकाने तोडायची म्हणून दरसाल रुखसत मागत होता. यंदा तर आजूरभर तुम्ही माझ्यासमोर होता. मग तोडली कुणी?"

मलाच ठाऊक नव्हतं. मी आश्रुबाकडे पाहिलं, तसं साहेबांनीही पाहिलं. एवढ्या मोठ्या माणसाने विचारलं म्हटल्यावर आश्रुबाची छाती फुगली.

"सायब, मालक था ना बागेत! मालक का पटका था!"

मग त्याने मोडक्यातोडक्या दख्खनीत, निम्मी मराठी मिसळून, हातवारे करून, सगळं सांगितलं. दसरा झाल्यावर मुक्ताने पेटीतून माझा जुना पटका काढला आणि पहिल्या वेलाच्या मेढीवर बांधला. खाली माझा जुना अंगरखा चढवला. अंगरख्याच्या बाहीत कोयती बांधली. मग सगळ्या गड्यांसमोर ती बाही आपल्या हातात धरली आणि त्या कोयतीने पहिली काडी तोडली. "मालकाचाच हात की हो, सायब! नवरदेव न्हाई आला तर त्याच्या खांड्याशी, तलवारीशी, लगीन लागत हुतं, मंग काडी कावून तुटनार न्हाई? म्या म्हणलं, आता छाटा."

साहेब हसू लागले. आश्रुबाला आणखी चेव आला.

"तवापासून पटका तिथंच खडा हाय, सायब. पाखरं येत न्हाईत, शेळ्या शिरत न्हाईत. वाटंनं जानारं मानूस राम राम घालतंय. आन मालकाची लहानी रोज सकाळी भाकरीचा तुकडा त्याच्या पायाशी ठिवती. आबा म्हनती त्याला."

साहेबांच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं. मी हसलो नाही. माझ्या पोरीने एका मेढीला बाप म्हणून ओळखलं होतं, आणि मी दारात उभा राहिलो तर ती विचारते, हे कोण.

डोळे पुसून साहेबांनी कलम खाली ठेवलं. अगदी मायेने म्हणाले, "बंकटराव, खरं सांगू? तुमचा अर्ज वाचल्यापासून माझ्या मनाला टोचणी होती. वाटे, माझ्यामुळे या माणसाची बाग उजाड होते आहे. आज ते ओझं उतरलं. बाग तर तुमच्याशिवाय अशी उत्तम चालते! पटका तिथे राहू द्या, डोकं इथे राहू द्या. दोघांचंही भलं आहे. मी बदलीची नाही, तुमच्या तरक्कीची, बढतीची, शिफारस लिहितो."

आणि लिहिलीही. माझ्यासमोर, भराभर, सुंदर अक्षरात.

मी काय म्हणायला हवं होतं? द्राक्षं वाईट आहेत म्हणू? करंडी त्यांच्या गुडघ्याशी होती. माझ्यावाचून बाग बुडते असं मी अर्जात लिहिलं होतं, आणि ती बुडत नाही याचा पुरावा मीच भल्या सकाळी, पळत पळत, गड्याच्या डोक्यावर देऊन आणला होता. मी मुजरा केला, मेहेरबानी म्हणालो आणि घड आत उतरवून दिलेली रिकामी करंडी घेऊन बाहेर पडलो.

देवडीच्या बाहेर येताच मी आश्रुबावर उसळलो. "तुला बोलायला कुणी सांगितलं होतं बे? दातखीळ बसली असती तर बरं झालं असतं!"

तो गडबडला. "म्या काय वंगाळ बोललो, मालक? खरं ते सांगितलं. सायब तर लई खूष झाला."

"झाला ना! खूष झाला म्हणूनच मेलो मी."

त्याला काही उमगलं नाही. तो करंडीची कड खरवडत उभा राहिला. चूक त्याची नव्हती, मुक्ताची नव्हती, त्या भल्या साहेबाचीही नव्हती. रागवायला कुणीच उरलं नाही म्हणजे माणसाची काय गत होते ते मी त्या रस्त्यावर अनुभवलं. मुक्ताने ती बाही धरली तेव्हा तिच्या मनात काय असेल? हे घड गेले की माणूस परत येईल, एवढंच ना? त्यासाठीच तिने थंडीभर पाणी दिलं, राखण केली, एक मणी पोरीच्या तोंडी न घालता करंडी भरली असेल.

थोड्या वेळाने आश्रुबा हळूच म्हणाला, "वहिनीसायबांनी इचारलंय, बदलीचं काय झालं म्हनून."

मी मान हलवली.

"न्हाई?"

"नाही."

त्याने करंडीतला उरलेला निंबाचा पाला सारखा केला. मग खाली बघत म्हणाला, "त्यांनी आनखी एक सांगितलंतं. म्हणल्या, बदली झाली तर हे बोलू नको. न्हाई झाली तरच बोल."

"काय?"

"एक पटका द्या म्हणल्या. त्यो जुना उनानं इरून गेलाय, पार चिंध्या झाल्या. चैताची छाटनी आलीच की आता."

मुक्ताने हेही धरून ठेवलं होतं. रस्त्यावरून टांगे जात होते, माणसं जात होती. मी डोक्याला हात लावला. दफ्तरात बांधायचा माझा पांढरा पटका, सणासुदीलाही तोच. भर रस्त्यात मी तो सोडला, आणि आश्रुबाच्या हातात दिला.

"मालक!" तो घाबरून इकडेतिकडे पाहू लागला. "अवो, बोडक्यानं घरी जाल व्हय?"

"घरी कुठे जातोय," मी म्हटलं, "दफ्तरात जातोय."

त्याने पटक्याची नीट घडी केली, करंडीत तळाशी ठेवली आणि वरून निंबाचा पाला पसरला.