वळणावरची मिठाची पेटी

मित्रांनो, जरा थांबता का? चढ चढताना सगळ्यांनाच घाई असते, मला ठाऊक आहे. पण पानं गळायला लागली की माझ्या जिवाला चैन पडत नाही. कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. या चढाच्या वळणावर, शिंपीणताईच्या फाटकाला लागून उभी असलेली पिवळी पेटी ती मीच. माझ्या पोटावर काळ्या रंगात सत्त्याऐंशी हा आकडा लिहिला आहे. त्यातला सात आता पुसत आलाय, त्यावरून माझं वय तुम्हीच ओळखा.

माझा जन्म भर उन्हाळ्यातला. कारखान्यातल्या साच्यातून बाहेर आले तेव्हा अंग इतकं तापलेलं होतं की थंडी नावाची काही चीज असते, हे कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी मला पटलं नसतं. मग झाकण बसलं, बिजागऱ्या बसल्या, आणि नगरपालिकेच्या ट्रकातून मी इथे आले. पहिल्याच वर्षी माझ्या पोटात जाडं मीठ आणि वाळू भरली, तेव्हा कळलं की आपण कशासाठी आहोत.

मोठ्या रस्त्यांवर बर्फ गोठला की नगरपालिकेची गाडी मीठ टाकत फिरते. आमच्यासारख्या अरुंद चढावर ती येत नाही. इथे लोकांनीच सकाळी बादली घेऊन यायचं, माझ्यातलं मीठ आणि वाळू काढायची आणि रस्त्यावर फेकायची. मिठाने बर्फ सुटतो, वाळूने पाय धरतो. एवढंच माझं काम. पण त्या एवढ्याशा कामावर या गल्लीतले हातपाय शाबूत राहतात.

माझे पहिले मुकादम म्हणजे माणूस लाख मोलाचा. दरवर्षी पानगळीत यायचे, झाकण उघडायचे, कोपरापर्यंत हात आत घालायचे. तळाशी ओल आहे का, मीठ दगडासारखं झालंय का, सगळं हाताने बघायचे. एका भयंकर हिवाळ्यानंतर त्यांनी माझ्या झाकणावर थाप मारली आणि म्हणाले, "शाब्बास गं! तुझ्या गल्लीत एकही हाड मोडलं नाही." तेवढ्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं काढली.

बाकी कौतुक बेताचंच. उन्हाळ्यात मला कोण विचारतो? पोरं झाकणावर उड्या मारतात, कुणी खाऊचे कागद कोंबतं, एकदा एकाने मोडकी छत्री टाकली ती वर्षभर माझ्या पोटात टोचत होती. मी म्हटलं, चालायचंच.

माझ्यावर माया करणारं माणूस एकच, शिंपीणताईचे वडील. सगळे त्यांना लिफ्टवाले आजोबा म्हणतात. जन्मभर त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. पहिल्यांदा माझ्यावर बसले तेव्हा झाकणावर हात फिरवून म्हणाले, "क्षमता, एक म्हातारा. जास्त भार टाकू नये." आणि स्वतःच खो खो हसले.

आजोबांची मूत्रपिंडं थकली आहेत. अंगातलं पाणी बाहेर पडत नाही, साचत राहतं. म्हणून सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी सकाळी दवाखान्याची गाडी येते. तिथे मशीन चार तास त्यांचं रक्त धुतं आणि साचलेलं पाणी काढून घेतं. गाडीची वाट बघत ते माझ्यावर बसतात. परत आल्यावर दम खायलाही माझ्यावरच बसतात. त्यामुळे त्यांचं वजन मला कळतं. जाताना जड, येताना हलके. शनिवार-रविवारची सुट्टी मधे असते, म्हणून सोमवारी सगळ्यात जड. दवाखान्यात वजनकाटा असेल, पण मीही काही कमी नाही!

आता मागच्या पानगळीत काय झालं ते सांगते.

हिवाळ्याच्या तयारीचं पत्रक घरोघर वाटलं गेलं होतं. पालापाचोळा पोत्यांत भरून घराबाहेर ठेवा, डाव्या हाताच्या घरांनी पहिल्या सोमवारी, उजव्या हाताच्या घरांनी दुसऱ्या सोमवारी. पाचोळा नेणारी गाडी खालून वर येते, तेव्हा तिचा डावा हात तो डावा. पण वरच्या टोकाला राहतात टापटीप काका. त्यांचं आयुष्य वरून खाली उतरण्यात गेलेलं. त्यांच्या हिशेबी त्यांचं घर उजव्या हाताला. दुसऱ्या सोमवारी त्यांनी पाच पोती ओळीने लावली, तोंडं एकसारखी बांधून. गाडीवाला म्हणाला, "काका, तुमची बाजू मागच्या सोमवारीच झाली. आता पुढच्या वर्षी." आणि गेला निघून.

टापटीप काकांची ख्याती काय सांगू? त्यांच्या दारातल्या कुंड्या पट्टी लावून मांडलेल्या. बैठकीत एक लाल गालिचा आहे, त्यावर पाहुण्यांनीसुद्धा मोजे तपासून पाय ठेवायचा. अशा माणसाच्या दारात पाच पोती पाचोळा पडून राहणार? संध्याकाळी इकडेतिकडे बघत ते आले, झाकण उघडलं आणि पाचही पोती माझ्यात रिकामी केली. पाचोळा वरून पायाने दाबून बसवला. "रविवारी काढून नेतो," असं पुटपुटले. मीठ अजून यायचं होतं, मी रिकामीच होते, म्हणून सगळं मावलं. मग रविवारी पाऊस आला. पुढच्या रविवारीही आला. झाकणाच्या फटीतून शिरलेल्या पाण्याने पाचोळा भिजून त्याचा लगदा झाला, आणि काकांची लाज दिवसेंदिवस वाढत गेली.

त्यातच नवे मुकादम आले. माणूस वाईट नव्हता, पण शंभरावर पेट्या, एक ट्रक आणि पायाला भिंगरी. त्यांची रीत वेगळी. फावड्याचा दांडा पेटीवर आपटायचा. ढम वाजलं तर रिकामी, थप वाजलं तर भरलेली. वेळ वाचतो ना! त्यांनी दांडा आपटला. थप. मी जीव तोडून ढम वाजायचा प्रयत्न केला हो, पण ओल्या पाचोळ्याने पोट गच्च. शिंपीणताई फाटकातच उभी होती. तिने विचारलं, "भरलीये ना नक्की? माझ्या बाबांसाठी गाडी वरपर्यंत यावी लागते."

"काठोकाठ, ताई. गेल्या वर्षीचंच शिल्लक आहे. निश्चिंत राहा," मुकादम म्हणाले, यादीवर खूण केली आणि पुढे गेले.

ताई निश्चिंत झाली. मी मात्र तिथून पुढे एक दिवस सुखाने काढला नाही. लोक येता-जाता माझ्याकडे बघून म्हणायचे, "चला, यंदा पेटी आधीच भरलेली आहे." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. रोज आभाळाकडे बघायचे. आज नको, निदान आज तरी नको, असं करत दिवस ढकलायचे.

एका शुक्रवारी आजोबा दवाखान्यातून परत आले आणि माझ्यावर बसले. मी चरकले. जाताना होते जवळजवळ तितकेच जड! ताई बाहेर आली. "आज लवकर आलात, बाबा?"

"नवीन मशीन आहे, पटापट काम करतं," आजोबा म्हणाले आणि छातीवर मूठ आपटली. "बघ, ठणठणीत!"

खोटं. साफ खोटं. आभाळ भरून आलं होतं, आपण अडकलो तर पोरीची तारांबळ उडेल म्हणून त्यांनी मशीन मधेच थांबवायला लावलं होतं. हे मला नंतर कळलं, पण वजन तेव्हाच कळलं होतं. ताईने त्यांच्या छातीवरची थाप ऐकली आणि तिचं समाधान झालं. मी तळमळत राहिले.

रविवारी पाऊस पडला आणि पडता पडता गोठला. सोमवारी सकाळी अख्खा चढ काचेसारखा झाला. साडेसात वाजता ताई एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने वडिलांना धरून फाटकाबाहेर आली. आजोबा माझ्यावर बसले. बाप रे! माझ्या बिजागऱ्या कुरकुरल्या. एवढं ओझं त्यांचं कधीच लागलं नव्हतं. श्वासही वरच्या वर चालला होता.

खाली गाडी आली. पहिल्या घरापर्यंत चढली आणि चाकं गरगरत मागे घसरली. पुन्हा चढली, पुन्हा घसरली. ड्रायव्हरने खिडकीतून ओरडून सांगितलं, "ताई, मीठ टाका! नाहीतर काही खरं नाही!"

"बाबा, उठा जरा, कठडा धरा," म्हणत ताईने झाकणावरचा बर्फ बादलीने फोडला आणि मला उघडलं.

आत गोठलेला काळा पाचोळा. मित्रांनो, तिचा तो चेहरा! मला धरणी दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. तिने बादलीच्या काठाने दोन घाव घातले, पण एक पान निघेना. तिने नगरपालिकेला फोन लावला. मोठे रस्ते आधी, दुपारपर्यंत बघू, असं उत्तर आलं.

"जाऊ दे गं," आजोबा म्हणाले. "उद्या जाऊ. मी ठणठणीत आहे." आणि पुन्हा छातीवर मूठ.

ताईने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे. मग काय तिच्या मनात आलं कोण जाणे, ती तिथेच बर्फावर गुडघे टेकून बसली, त्यांचा मोजा खाली ओढला आणि घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. कणकेत राहतो तसा.

"हे ठणठणीत?" तिचा आवाज फाटला. "शुक्रवारी किती तास बसलात? खरं सांगा, बाबा."

आजोबांनी मान खाली घातली. "अडीच. तू एकटी कुठे कुठे पुरी पडशील, म्हणून..."

"तुम्ही नसलात तर मी काय करू, ते आधी सांगा!" ताई ओरडली. आणि तशीच उठून गल्लीकडे तोंड करून हाका मारत सुटली, "अहो, मीठ आणा कुणीतरी! पेटीत पाचोळा भरलाय! बाबांना न्यायचंय!"

दारं उघडली. बेकरीवाल्या मावशी मिठाची अख्खी गोणी घेऊन आल्या. कोणी शेगडीतली राख आणली, कोणी पोरांच्या खेळायच्या हौदातली वाळू. लोक कठड्याला धरून धरून ते सगळं खालून वर पसरत आले. गाडी त्यांच्यामागून वीतवीत चढू लागली. पण वळणाच्या अलीकडे सगळं संपलं. समोर सात-आठ पावलांचा उभा चढ, आणि सगळ्यांच्या बादल्या रिकाम्या. ड्रायव्हर म्हणाला, "इथे थांबलो तर मागे घसरेन. लवकर काहीतरी करा."

तेवढ्यात वरून टापटीप काका आले. चालत नव्हे, बसून घसरत. खांद्यावर लाल गालिचा. केस विस्कटलेले, पायजमा ओला. त्यांनी एका झटक्यात गालिचा चाकांपुढे उलगडला.

"ती पानं माझी आहेत," ते ताईला म्हणाले. "रोज काढीन म्हणत होतो. लाजेने काढली नाहीत."

ताईला रडावं की भांडावं कळेना. "काका, नंतर बोलू. ते टोक धरा आधी!"

चारही टोकं लोकांनी धरली. चाकं गालिच्यावर चढली, करकरली, लाल धाग्यांचे झुबके उडाले, आणि गाडी माझ्यापाशी येऊन थांबली. आजोबांना उचलून आत बसवलं. जाताना गाडीचा चिखल त्या गालिच्याच्या मधोमध उमटला. काकांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

माझी दुपार कशी गेली ते विचारू नका. दोन वाजून गेले, तीन वाजले. त्या वेळात काकांनी पहारीने माझ्यातला सगळा पाचोळा फोडून काढला. साडेतीनला गाडी आली. आजोबा उतरले आणि माझ्यावर बसले. हलके! इतके हलके, की एकटी असते तर मी रडले असते.

दुसऱ्या दिवशी मुकादम मीठ घेऊन आले. सवयीने त्यांनी फावड्याचा दांडा उचलला. आजोबा माझ्यावर बसलेले होते, ते उठून उभे राहिले.

"आपटू नका, साहेब," ते म्हणाले. "उघडून बघा. वरून आम्ही दोघंही ठणठणीतच वाजतो."

मुकादमांनी दांडा खाली ठेवला, झाकण उघडलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला. कितीतरी वर्षांनी कुणी असा हात घातला.

तेव्हापासून ताई वडिलांना "कसे आहात" असं विचारत नाही. दर रविवारी संध्याकाळी त्यांचा मोजा खाली ओढते आणि अंगठा दाबून बघते. आजोबा कुरकुर करतात, पण पाय पुढे करतात. गालिचा तिनेच शिवून दिला. टापटीप काकांनी तो पुन्हा बैठकीत घातला आहे, चाकाचा डाग तसाच ठेवून.

आता पुन्हा पानं गळायला लागली आहेत. माझं पोट रिकामं आहे, मिठाची गाडी अजून आलेली नाही, आणि सकाळी हवेत बोचरेपणा जाणवायला लागलाय. आजोबा या सोमवारीही येऊन बसणार आहेत. मला बोलता येत नाही, मित्रांनो. आत काय आहे, काय नाही, हे मी कुणाला सांगू शकत नाही. जाता जाता एकदा झाकण उचलून बघाल ना?