तटस्थ एक

ठराव क्रमांक ५८. मांजर पाळावी. बाजूने दोन, विरोधात एक, तटस्थ एक. मंजूर.

उजवा हात, काही नाही. डावा हात वर होतो, वेळ लागतो.

प्रकरण बारावे. पुढे. (खाली पान कोरं.)

न्हाणीघराची ओली फरशी. दोन माणसं. पाऊण तास.

प्रकाशकाची चिठ्ठी: बाकी सगळं जुळून तयार आहे, शेवट तेवढा पाठवा.

"बरोबर."

आता या सगळ्याचा एकमेकांशी काय संबंध, असं कोणीही विचारील. संबंध एवढाच की हे सगळं एकाच घरातलं आहे, आणि त्या घरातली धाकटी मुलगी हे सगळं उपसत बसलेली आहे. धाकटी म्हणजे वयाने एक्केचाळीस. काम मुद्रितं तपासायचं. दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका शोधून समासात खुणा करायच्या. गेले चौदा महिने ती हे काम जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला बसून करत होती, कारण तिथून बाबांचा पलंग दिसायचा.

बाबांनी पस्तीस वर्षं कॉलेजात पाश्चात्य राजकीय विचार शिकवला. मुलं त्यांना करारमास्तर म्हणायची. राज्य ही देवाची देणगी नाही, माणसांनी आपसात केलेला करार आहे, हे ते दर वर्षी नव्या मुलांना इतक्या उत्साहाने सांगायचे की जणू करार कालच झाला आणि हे तिथे हजर होते. एखादा आगाऊ विचारायचा, सर, हा करार नेमका झाला कधी? तर म्हणायचे, आज सकाळी. तुम्ही सिग्नलला थांबलात तेव्हा.

निवृत्तीनंतर त्यांनी पुस्तक लिहायला घेतलं. अकरा प्रकरणं हाताने लिहून झाली. पहिल्यात एक नगर होतं आणि त्याच्या चौकात उभे राहून बोलणारे पुरुष. ते बोलत असताना त्यांच्या घरी चूल कोण पेटवत होतं हे तळटीप क्रमांक चारमध्ये होतं. मग देवाने नेमलेले राजे आले. मग मुकुट आणि डोकं एकाच दिवशी वेगळं झालेले राजे आले. मग करार, मग हक्क, मग कारखान्याच्या भोंग्यावर उठणारे लोक, मग मताची पेटी, आणि अकराव्या प्रकरणात त्या पेटीला कंटाळलेले लोक. बाराव्याला नुसतं नाव दिलेलं होतं. धाकटीने अकरा प्रकरणं टंकून काढली आणि बाराव्यापाशी येऊन ती थांबली. बाबांनी टिपणं कुठे ठेवली असतील म्हणून सगळे खण पाहिले. काही नव्हतं. आडातच नव्हतं, पोहऱ्यात कुठून येणार.

पुस्तकाचं राहू दे. घराचं सांगायला हवं.

बाबांचं म्हणणं असं, की जे चौकात खरं आहे ते स्वयंपाकघरात खरं ठरलं पाहिजे, नाहीतर ते नुसती बोलाची कढी. म्हणून धाकटीला सात वर्षं पूर्ण झाली त्या आठवड्यापासून घरात सभा सुरू झाली. दर रविवारी, जेवणानंतर, भांडी उचलायच्या आधी. माणशी एक मत. हात वर करून मतदान. लांब वहीत नोंद, आणि नोंद करणाऱ्याने जे दिसलं तेवढंच लिहायचं, अर्थ लावायचा नाही. समसमान मतं पडली तर आहे ते तसंच चालू. बदल हवा असेल तर बदल मागणाऱ्याने एक मत जास्त आणावं. मांजर अशीच आली. टीव्ही दोनदा फेटाळला गेला आणि तिसऱ्यांदा आला. थोरल्या भावाने नवव्या वर्षी गृहपाठाविरुद्ध ठराव आणला, तो एक विरुद्ध दोन असा पडला, तेव्हा तो म्हणाला होता की या घरात लोकशाही आहे पण न्याय नाही. बाबा इतके खूश झाले की त्यांनी ते वाक्य वर्गात सांगितलं.

आणि प्रत्येक ठरावाखाली शेवटी एकच ओळ. तटस्थ एक. ती आई. हात वर कर म्हटलं की म्हणायची, माझं काय, तुम्ही ठरवाल ते. फार झालं तर टोमणा मारायची, तुमच्या त्या लोकशाहीला म्हणावं जरा ताटं उचल.

थोरला लग्न करून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला तशा सभा विरळ झाल्या. तो लिफ्टच्या कंपनीत. वर न्यायचं, खाली आणायचं, मध्ये अडकू द्यायचं नाही, हेच आमचं तत्त्वज्ञान, असं तो बाबांना चिडवायचा. वहीतला शेवटचा ठराव होता ४१२. पडद्यांचा रंग.

त्यानंतर बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. एकच शब्द मागे राहिला: बरोबर. पाणी हवं का? बरोबर. दुखतंय का? बरोबर. डॉक्टर म्हणाले, एखाद्याचा असा एक शब्द शाबूत राहतो, त्याला अर्थ असतोच असं नाही. समजतं किती, हे नक्की सांगता यायचं नाही.

धाकटीचा दिवस घड्याळाला बांधला गेला. सहाला कूस बदलायची, सातला अंग पुसायचं, आठला गोळ्या कुटून द्यायच्या, दोन-दोन तासांनी पुन्हा कूस. तिचा डावा खांदा उचलून उचलून गेला होता. तिला वाईट वाटत नव्हतं. चांगलंही वाटत नव्हतं. मुद्रितांत तिच्या हातून चुका सुटायला लागल्या तेव्हाही तिला काही वाटलं नाही, तिने फक्त काम कमी घेतलं.

मग न्हाणीघरातली गोष्ट घडली. धाकटी औषधं आणायला बाहेर पडली होती. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आईने बाबांना एकटीने आत नेलं, आणि दोघंही पडली. पाऊण तासाने धाकटी परत आली तेव्हा आई भिंतीला टेकून बसली होती, बाबांचं डोकं तिच्या मांडीवर. आईच्या मनगटाला सूज होती. नळ चालू होता. बाबा म्हणाले, बरोबर.

त्या रविवारी थोरला आला. त्याने एक शुश्रूषा केंद्र पाहून ठेवलं होतं. बसने वीस मिनिटं. दोन पलंगांची खोली, कूस बदलायला रात्रंदिवस माणसं. तो हळूहळू बोलत होता, जसं अडकलेल्या लिफ्टमधल्या माणसांशी बोलतात. धाकटी म्हणाली, बाबांना घराबाहेर काढायचं? तो म्हणाला, काढायचं काय, ते सामान आहेत का. शेवटी त्यानेच वही मागितली. आयुष्यभर ज्या वहीला हसला तीच. म्हणाला, तुझ्या-माझ्या भांडणात पडण्यापेक्षा त्यांच्याच रीतीने ठरवू.

धाकटीने वही आणली. तिने मनात बेरीज केली. दादा बाजूने, आपण विरोधात, आई तटस्थ. समसमान. आहे ते तसंच चालू. म्हणजे सहा, सात, आठ, दोन-दोन तास. आणि तिला स्पष्ट दिसलं की आपल्याला हरायचं आहे. हात विरोधात करायचा, तो सगळ्यांनी पाहायचा, आणि तरी हरायचं. दादाच्या बाजूने हात वर करणं तिला जमणार नव्हतं. बाबांना मी घालवलं, एवढं वाक्य तिला नको होतं. बाबा विचारू त्याला बरोबरच म्हणायचे, म्हणून ती म्हणाली की बाबांनाही मत आहे.

थोरला म्हणाला, "स्वतःच्याच प्रकरणात कोणी पंच होत नाही. हे कोणाचं वाक्य गं?"

"हा निवाडा नाही, ठराव आहे. ज्याला भोगायचं त्याला विचारायचं. नववं प्रकरण. मी टंकलंय."

"आणि त्यांना कळलं नाही तर?"

तेही पुस्तकात होतं. सज्ञान आणि शुद्धीवर असलेला माणूस, असे शब्द प्रत्येक प्रकरणात कुठे ना कुठे होते. दोन हजार वर्षांची सगळी इमारत त्या एका माणसावर उभी होती, जो आपल्या दोन पायांवर उभा राहतो आणि हो किंवा नाही म्हणतो. धाकटीने ते सांगितलं नाही. दादाने बाबांचं मत मान्य केलं.

तर मग त्यांनी ते केलं जे याच घरात होऊ शकतं. दुसऱ्या कोणी आजारी माणसाचा हात धरला असता, डोळ्यांत पाहिलं असतं, आणि काय ते समजून घेतलं असतं. यांनी पलंगाची पाठ उंच केली, बाबांना चष्मा लावला, आणि थोरल्याने उभं राहून ठराव वाचला. ठराव क्रमांक ४१३. बाबांना शुश्रूषा केंद्रात ठेवावे. ठरावाच्या बाजूने?

थोरल्याने हात वर केला. बाबांचा डावा हात चादरीवरून सुटला, थरथरला, आणि कानापर्यंत वर गेला.

धाकटीने लिहिलं. बाजूने दोन.

विरोधात?

धाकटीने हात वर केला. बाबांचा हात अजून पुरता खाली आला नव्हता. तो पुन्हा वर गेला, या वेळी थोडा जास्तच वर, आणि ते समाधानाने म्हणाले, "बरोबर."

थोरल्याला हसू फुटलं. ते मध्येच तुटलं आणि तो खिडकीकडे वळला. धाकटी वहीकडे बघत राहिली. अर्थ लावायचा नाही, जे दिसलं तेवढंच लिहायचं. तिने लिहिलं. विरोधात दोन.

समसमान. तिने ठरावापुढे फेटाळला लिहायला पेन टेकवलं, आणि सवयीने, मान वर न करता विचारलं, "आई, तटस्थ?"

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मनगटाला पट्टी, हातात ओलं फडकं.

"नाही. बाजूने लिही."

पेन थांबलं. थोरला वळला. आईने हात वर केला नव्हता. फडक्याने ती एकेक बोट पुसत होती.

"आई, तू तर कधी..." थोरला म्हणाला.

"चौतीस वर्षं तुम्ही मला तटस्थ लिहिलंत," आई म्हणाली. "तटस्थ नव्हते रे मी. कामात होते."

मग तिने पलंगापाशी जाऊन बाबांचा चष्मा काढला आणि हनुवटीवरची लाळ पुसली. म्हणाली, "अहो, झाली सभा." ते म्हणाले, बरोबर.

धाकटीने बेरीज लिहिली. बाजूने तीन, विरोधात दोन. घरात माणसं चार आणि मतं पाच. तिने चूक शोधली, सवयच ती, पण प्रत्येक ओळ खरी होती. ठराव मंजूर. तिला हरायचं होतं आणि ती हरली होती. आता काहीतरी वाटेल म्हणून ती वाट बघत राहिली, पाय झोपल्यावर मुंग्यांची वाट बघावी तशी. मुंग्या आल्या नाहीत.

बुधवारी नेलं. थोरल्याने रजा घेतली होती. केंद्रातला जिना रुंद होता, लिफ्टचं दार जरा अडकत होतं, ते थोरल्याने दोनदा उघडझाप करून पाहिलं आणि तिथल्या माणसाला सांगितलं. शेजारच्या पलंगावर एक निवृत्त टपालवाला होता. त्याने विचारलं, हे काय करायचे? आई म्हणाली, शिकवायचे. काय शिकवायचे? आईने धाकटीकडे पाहिलं. धाकटी म्हणाली, माणसांनी एकत्र कसं राहायचं ते. टपालवाला म्हणाला, जमलं का? बाबांनी उत्तर दिलं.

संध्याकाळी धाकटी टेबलाच्या टोकाला बसली. पलंगाच्या जागी फरशी दिसत होती, चार पायांचे चार ठसे. सहा वाजले, सात वाजले, काही करायचं नव्हतं. तिने प्रकरण बारावे उघडलं. नगराचं काय झालं, राजांचं काय झालं हे सगळं लिहून झालेलं होतं. पुढे काय, तर पुढे एक माणूस होता जो दोन्ही वेळा हात वर करतो, आणि एक बाई होती जी एकदाही करत नाही, आणि त्या दोघांना मोजायचं कसं हा प्रश्न मागच्या अकरा प्रकरणांत कोणाला पडलेला नव्हता. तिने ठराव क्रमांक ४१३ वहीतून जसाच्या तसा उतरवला. तेरा ओळी झाल्या. खाली काही जोडावंसं वाटलं नाही. प्रकाशकाला पाठवून दिलं.

त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. शेवट जरा लहान वाटतो, पण चालेल. तळटीप द्यायची का?

नको, असं तिने कळवलं. आईने आतून जेवायला हाक मारली. दोघी जेवल्या. ताटं धाकटीने उचलली.

केंद्राच्या प्रवेश-अर्जावर सही आईची होती, तारीख सभेच्या नऊ दिवस आधीची.